श्वास मोजलात का?

वॉर्डात नव्यानं आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी इंजेक्शनच्या ट्रेला हात लावू देत नाही. वीस खाटांचे टीपीआर चार्ट गोळा करायला सांगते आणि श्वासाचा रकाना वरून खाली मोठ्यानं वाचायला लावते. तापमान प्रत्येकाचं वेगळं, नाडी वेगळी, बीपी वेगळं. श्वास मात्र जवळजवळ सगळीकडे एकच: २०. न्यूमोनियाच्या आजोबांचा २०, हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या तरुणाचा २०, डिस्चार्जचा कागद हातात घेऊन बसलेल्या काकूंचाही २०. मुलं हसायला लागतात. मग मी विचारते, "यातले खरोखर मोजलेले किती असतील?"

मलाही हसायचा हक्क नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, नाइट ड्युटीत, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या एका गृहस्थांच्या चार्टवर रात्री दोन वाजता मीही २० लिहिलं होतं. ताप नव्हता, बीपी बरं होतं, ते डोळे मिटून पडले होते. सकाळी सहाला सीनियर सिस्टर आल्या, खाटेपाशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "घड्याळ काढ." दोघींनी मोजलं. ३४. फुप्फुसात इन्फेक्शन झालं होतं. ते आयसीयूत गेले आणि दहा दिवसांनी सुखरूप घरी गेले. माझं २० त्यांच्या केसपेपरात तसंच राहिलं.

नर्सिंग शिकणाऱ्या आणि नुकत्याच ड्युटीवर लागलेल्या सिस्टर-ब्रदर्ससाठी हा लेख आहे. रुग्ण कसा बघायचा, कसा मोजायचा, काय विचारायचं आणि मग काय करायचं, एवढंच त्यात आहे.

हात लावण्याआधी

तपासणी बीपीच्या पट्ट्यापासून सुरू होत नाही, खाटेकडे चालत जाताना सुरू होते. रुग्ण टेकून बसलाय, की दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकलाय? पूर्ण वाक्य एका दमात बोलतोय, की दोन शब्दांनंतर थांबतोय? कपाळावर घाम आहे का? ओठ कोणत्या रंगाचे आहेत? काल नातवाशी गप्पा मारणाऱ्या आजी आज भिंतीकडे तोंड करून पडल्यात का? सलाईन चालू आहे की संपून नळीत रक्त आलंय? युरोबॅगेत किती लघवी आहे आणि कोणत्या रंगाची? अर्ध्या मिनिटात एवढं दिसतं. फक्त त्या अर्ध्या मिनिटात मोबाइल खिशात राहिला पाहिजे.

मग हात. साबण-पाण्यानं धुवायचे तर ४० ते ६० सेकंद, हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, आणि दोन रुग्णांच्या मध्ये दर वेळी. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं टळत नाही.

त्यानंतर ओळख. "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नका. कानानं कमी ऐकू येणारी आजी कशालाही हो म्हणते, आणि एका वॉर्डात दोन-दोन पाटील असतात. "तुमचं पूर्ण नाव सांगता?" असं विचारा आणि ते केसपेपरवरच्या नावाशी व नोंदणी क्रमांकाशी ताडून बघा. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा रात्रीतून बदलतात. पडदा ओढा, काय करणार आहात ते दोन वाक्यांत सांगा, विचारा आणि मगच हात लावा.

आकडे, पण नीट घेतलेले

श्वासापासूनच सुरू करू. ऑक्सिजन कमी पडू लागला, रक्तात आम्ल वाढू लागलं, इन्फेक्शन पसरू लागलं की शरीर फार लवकर श्वासाचा वेग वाढवतं. बीपी पुष्कळदा बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून बीपी चांगलं आहे यावर निश्चिंत राहू नका. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. मोजताना "श्वास मोजतेय" असं सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. नाडी बघितल्यासारखं मनगट हातात ठेवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर न्या. छाती वर जाऊन खाली आली की एक. लय एकसारखी असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट केलं तरी चालेल, जरा शंका वाटली तर पूर्ण मिनिट. वेगाबरोबर खोलीही बघा. मधुमेही रुग्ण खोल, भराभर श्वास घेतोय आणि तोंडाला गोडसर वास येतोय, तर शुगर आणि कीटोन आत्ताच बघायला हवेत.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी ब्रेथ काउंटर नावाचं साधन तयार केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनियाचा धोका. त्या बायांना दहापर्यंत मोजता येणं पुरेसं होतं. बाळांचे आकडे तुम्हालाही तोंडपाठ हवेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर ते जलद. बाळ रडत नसताना, अंगावरचं कापड वर करून, पूर्ण मिनिट मोजायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, हेही त्याच वेळी दिसतं.

नाडी मधल्या बोटांनी बघा, अंगठ्यानं नको, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. मोठ्या माणसात ६० ते १००. लय चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजा आणि स्टेथोस्कोप छातीवर ठेवून तिथले ठोकेही मोजा. ऑक्सिमीटरवर आलेली नाडी तेवढी उतरवून काढायची सवय लावून घेऊ नका. नाडी भरलेली आहे की धाग्यासारखी बारीक, हात गरम आहे की गार, हे बोटांनाच कळतं.

बीपीत सर्वांत जास्त चुका होतात. रुग्ण चालत आला असेल तर पाच मिनिटं बसू द्या. लघवी तुंबलेली नसावी, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात आधारावर आणि हृदयाच्या उंचीला. बाहीवरून पट्टा बांधू नका. लठ्ठ दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त येतं. आधी मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवा, नाडी लागेनाशी झाली की त्यावर आणखी ३० पर्यंत न्या आणि मग सेकंदाला साधारण दोनच्या वेगानं हवा सोडा. डायलिसिससाठी फिश्चुला केलेल्या हातावर पट्टा बांधायचा नाही, आणि स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हातही टाळायचा.

ताप लिहिताना तो कुठे घेतला तेही लिहा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटनं कमी येतो. आत्ताच गरम चहा प्यायलेल्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवू नका. म्हाताऱ्या माणसाला मोठं इन्फेक्शन असूनही ताप नसू शकतो, हे तर कायम डोक्यात हवं.

ऑक्सिमीटरवरच्या ९८ नं लगेच हायसं वाटून घेऊ नका. बोटं गार असतील, नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. यंत्रावरची नाडी मनगटाशी जुळते का ते बघा. रक्त खूप कमी असलेल्या बाईचं सॅच्युरेशनही ९८ येऊ शकतं, कारण जेवढं हिमोग्लोबिन आहे तेवढं भरलेलं आहे एवढंच ते यंत्र सांगतं. ऑक्सिजन चालू असेल तर किती लिटरवर, हे आकड्याशेजारी लिहा. जुन्या सीओपीडीच्या रुग्णाला पुष्कळदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य दिलेलं असतं, तिथे ९८ करण्याच्या भरात ऑक्सिजन वाढवत नेऊ नका. आधी ऑर्डर वाचा.

आणि शुद्ध. रुग्ण पूर्ण जागा आहे, की हाक मारल्यावर डोळे उघडतो, की दुखावल्यावरच हालचाल करतो, की कशालाच प्रतिसाद नाही, या चार पायऱ्या दर वेळी बघायच्या. डोक्याला मार असेल तर ग्लासगो स्केल. १९७४ साली ग्लासगोतल्या दोन न्यूरोसर्जननी ते मांडलं. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, मिळून १५, आणि सर्वांत कमी ३. नुसती बेरीज लिहू नका, तिन्ही भाग वेगळे लिहा. आठ किंवा त्याखाली गेलं तर श्वासमार्ग धोक्यात आहे असं समजून धावपळ करायची. काल ओळखणारे आजोबा आज मुलाला भाऊ समजतायत, तर "वयोमानानं होतं" म्हणून सोडून देऊ नका. घामाघूम असतील तर आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, डॉक्टरांना कळवा आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा.

रुग्णाचं मराठी

'पेशंट कम्प्लेन्ट्स ऑफ गिडिनेस' असं केसपेपरात उतरतं, पण रुग्ण काय म्हणाला होता? घेरी, की डोळ्यांपुढे अंधारी, की चालताना तोल जातो? सगळं गरगर फिरत असेल तर कानाचा त्रास असू शकतो. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर बीपी निजून आणि उभं राहून, दोन्ही वेळा घ्यायला हवं. तोल एकाच बाजूला जात असेल तर मेंदूकडे बघायला हवं. इंग्रजीत तिघांनाही एकच शब्द लागतो, मराठीत तीन आहेत. वापरा ते.

दुखण्याचंही तसंच. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, ठसठसतं, आग होते, जड वाटतं. यातला प्रत्येक शब्द तुम्हाला वेगळीकडे नेतो. रुग्णाचा शब्द आहे तसा लिहा. मग विचारा: कुठे, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, कुठे सरकतं, आणि शून्य ते दहात किती. शिक्षण नसलेल्या आजीला दहाचं गणित नको वाटलं तर "रुपयातले किती आणे दुखतंय?" विचारा, ती चटकन सांगते. फक्त सोळा आण्यांचा हिशोब तुमचा तुम्ही करा.

"गॅस झालाय", "जीव घाबरा होतोय", "कसंतरीच होतंय". या तीन वाक्यांवर थांबायला शिका. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, त्यातही मधुमेही किंवा बाई, छातीत दुखतंय असं म्हणेलच असं नाही. गॅसची गोळी देण्याआधी नाडी, बीपी, श्वास, शुगर बघा आणि ईसीजीसाठी डॉक्टरांना सांगा. "उन्हाळी लागलीय" म्हणजे लघवीला जळजळ. "अंगावरून जातंय" म्हणजे लाल की पांढरं, आणि किती, हे बाईला एकटीला विचारा. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना मिळणारं उत्तर तिचं असेलच असं नाही.

'नोट्स ऑन नर्सिंग' हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं १८५९ सालचं पुस्तक. त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि मोघम प्रश्नांचा त्यांनी चांगलाच समाचार घेतला आहे. रात्र बरी गेली का, असं विचारण्यापेक्षा किती तास झोप झाली आणि कोणत्या वेळी, हे विचारा, असं त्यांचं सांगणं होतं. तेच आपल्या वॉर्डात करायचं. "जेवलात का?" ऐवजी "किती पोळ्या खाल्ल्या?" "शी होते का?" ऐवजी "शेवटची कधी झाली?" "व्यसन आहे का?" या प्रश्नाला बायका नाही म्हणतात. "मिश्री लावता का?" विचारलं की दिवसातून किती वेळा तेही सांगतात. "गोळ्या कोणत्या?" विचारलं तर "पांढरी, सकाळची" असं उत्तर येतं. घरून गोळ्यांची पिशवी आणायला सांगा आणि काढे, चूर्ण, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, सगळं तिच्यात घालायला सांगा. मधुमेह असेल तर उपवास कोणते धरता आणि त्या दिवशी गोळीचं काय करता, हे नक्की. कोणत्या औषधानं कधी अंगावर पुरळ किंवा सूज आली होती का, हे पहिलं इंजेक्शन भरण्याआधी विचारायचं.

डोक्यापासून पायापर्यंत

एक क्रम ठरवा आणि तो मोडू नका, म्हणजे काही राहत नाही. खालची पापणी ओढून फिकटपणा बघा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात कावीळ, जिभेवर कोरडेपणा आणि निळसरपणा. सावळ्या कातडीवर निळसरपणा सहज दिसत नाही, म्हणून ओठांच्या आतून आणि जिभेवर बघायचं. छाती दोन्ही बाजूंनी, पाठीकडूनही ऐका आणि उजवी-डावी ताडून बघा.

इतर ठिकाणी बघणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं असा क्रम असतो. पोटाला तो बदलतो: बघा, ऐका, ठोका आणि शेवटी दाबा. आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. जिथे दुखतंय ती जागा सगळ्यांत शेवटी, आणि दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर.

मग कूस वळवा. पाठ न बघता झालेली तपासणी अर्धीच. माकडहाड, टाचा, नितंब, कोपर या जागा हातानं चाचपा. गडद कातडीवर लाली दिसत नाही, पण ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा भुसभुशीत लागते. ब्रेडन स्केलवर १८ किंवा कमी गुण आले की बेडसोअरचा धोका धरायचा. गादीवर पडून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची आणि बदलल्याची वेळ लिहायची. पडून असलेल्या माणसाची सूज पायांवर नाही, कमरेखाली साठते, तिथेही अंगठा दाबून बघा.

पायांशी घाई करू नका. मधुमेही माणसाच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघा, तिथली जखम त्याला जाणवलेलीच नसते. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखतेय, तर शिरेत गुठळी असू शकते. नातेवाईक प्रेमानं पाय चेपत बसतात, त्यांना थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. शेवटी व्हेनफ्लॉनची जागा लाल किंवा सुजलेली नाही ना, ड्रेनमध्ये काय आणि किती आलं, आणि लघवी. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली.

बेरीज आणि फोन

माहिती गोळा करणं ही पहिली पायरी. पुढे रुग्णाची गरज ठरवणं, काय करायचं ते ठरवणं, ते करणं आणि उपयोग झाला का ते बघणं. डॉक्टरांचं निदान न्यूमोनिया असेल, तुमचं निदान वेगळं असतं: बरगडी दुखते म्हणून हे खोकत नाहीत आणि कफ आत साठतोय. म्हणून दुखण्याची गोळी आधी, मग छातीशी उशी धरून खोकायला शिकवायचं, आणि तासाभरानं परत येऊन छाती ऐकायची. हे परत येणंच बहुतेक वेळा राहून जातं.

एकेकटा आकडा पुष्कळदा बरा दिसतो, बेरीज घाबरवते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली आणलेला आणि २०१७ साली सुधारलेला न्यूज स्कोअर याच तत्त्वावर आहे. श्वास २४ असेल तर २ गुण. ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९४ असेल तर १. नाडी ११२ ला २. वरचं बीपी ११० ला १. ताप १००.८ ला १. यातला कुठलाच आकडा धावत सुटावं असा नाही, पण बेरीज ७ होते आणि ७ म्हणजे तातडी. यात श्वासाच्या जागी २० लिहा. बेरीज ५ वर येते. हा स्कोअर १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लागू नाही, आणि तुमच्या रुग्णालयाचा स्वतःचा तक्ता असेल तर तोच पाळायचा.

मग फोन. "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" एवढ्यावर रात्री तीनला कुणी उठून येत नाही. चार भागांत बोला: आत्ता काय झालंय, मागचं काय, तुम्हाला काय आढळलं, तुम्हाला काय हवंय. "सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. ७ नंबरच्या पेशंटला धाप लागलीय. वय ६४, वजन ६०, डायबेटिस आहे, परवा आतड्याचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी श्वास १८ होता, आता २४. नाडी ११२, बीपी ११०/७०, ताप १००.८, सॅच्युरेशन ९४. चार तासांत लघवी फक्त ८० मिली, पोट फुगलंय. मला इन्फेक्शन वाढतंय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर काय सुरू करू?" मिळालेली ऑर्डर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. कुणी आलंच नाही तर वरच्यांना कळवा आणि केव्हा कुणाला कळवलं ते नोंदवा.

रिकामा रकाना

आता खरी अडचण. एका नर्सकडे तीस-चाळीस खाटा, त्यात दोन ॲडमिशन, एक डिस्चार्ज आणि नातेवाइकांचे प्रश्न. प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायला वेळ कुठला? म्हणून क्रम लावा. ड्युटी हातात घेतली की पहिली फेरी नुसती बघायची. आज ऑपरेशन झालेले, ऑक्सिजनवरचे, ताप असलेले, काल रात्री अस्वस्थ असलेले आणि ज्यांच्याबद्दल नातेवाईक "आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत" म्हणतायत ते, एवढे आधी मोजायचे. नातेवाइकाचं हे वाक्य हलक्यात घेऊ नका, त्या माणसाला तो वर्षानुवर्षं बघत आलाय. बाकीचे नंतर. नोंद करताना वेळ खरी लिहा, सहाच्या नोंदी पाचला भरून ठेवू नका. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, वेळ आणि शेजारी बरोबर आकडा. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच.

आणि एखाद्याचा श्वास मोजणं राहिलंच, तर रकाना रिकामा ठेवा. सीनियर ओरडतील, ओरडू देत. हँडओव्हर देताना पुढच्या सिस्टरला सांगा, "१२ नंबरचा श्वास माझ्याकडून राहिलाय." ती आधी १२ नंबरपाशी जाईल. तिथे २० लिहिलेलं असतं तर ती सगळ्यात शेवटी गेली असती.